बारा गायी, चार पेंडी: पुनर्मापन प्रयोगाची काटकसरीची आखणी

सरकी, सोयाबीन, शेंगदाणा आणि खोबरे या चार पेंडींपैकी कोणत्या पेंडीवर गाय जास्त दूध देते, हे तपासायचे आहे. पटकन सुचणारा मार्ग म्हणजे गोठ्यातल्या गायींचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एकेक पेंड लावायची. हा मार्ग चुकीचा नाही, पण महाग आहे. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर एक गाय १० किलो दूध देते आणि शेजारची १५. पेंडीमुळे पडणारा फरक मात्र जेमतेम एखाद्या किलोचा. गायी-गायींमधल्या ५ किलोच्या गोंधळातून हा १ किलो वेगळा काढायचा तर प्रत्येक गटात खूप गायी लागतात.

दुसरा मार्ग असा: प्रत्येक गायीला चारही पेंडी आळीपाळीने, एकेका फेरीत एकेक, द्यायच्या आणि तिची तुलना तिच्याशीच करायची. यालाच पुनर्मापन प्रयोग म्हणतात. उपचार (इथे पेंड) बदलत जातो म्हणून क्रॉसओव्हर असेही नाव आहे. औषधांच्या चाचण्यांत आणि पदार्थांच्या चवीच्या चाचण्यांत तो नेहमी वापरला जातो. दुभत्या गायींच्या खाद्यप्रयोगांत तर तो फार जुना आहे. कॉक्रन, ऑट्री आणि कॅनन यांनी १९४१ मध्ये त्याची जी आखणी मांडली, तिच्यात आधीच्या खाद्याचा पुढच्या फेरीत उतरणारा परिणाम वेगळा काढण्याची सोय होती. हा उतरणारा परिणाम, म्हणजे शिल्लक परिणाम, हीच या पद्धतीची खरी अडचण. तिचे उत्तर क्रमात असते आणि क्रम पहिली पेंड गव्हाणीत पडण्याआधी ठरलेला असावा लागतो. चुकीचा क्रम लावून गोळा केलेली आकडेवारी पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

ही पद्धत चालेल का, हे आधी पाहा

उपचार थांबवल्यावर जनावर पूर्वपदावर यायला हवे. दूध, फॅट, चारा खाण्याचे प्रमाण यांचे तसे होते. गाभण राहण्याचे प्रमाण, वासराची वाढ, जंताचे औषध यांचे होत नाही. एकदा गाभण राहिलेली गाय दुसऱ्या फेरीसाठी परत ‘न राहिलेली’ करता येत नाही. अशा वेळी गटच पाडावेत.

दुसरी अट काळाची. २१ दिवसांच्या चार फेऱ्या म्हणजे ८४ दिवस. तेवढे दिवस गाय दुधात टिकली पाहिजे. व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दूध शिखरावर जाते आणि मग हळूहळू उतरते. चढत्या दुधात प्रयोग सुरू केला तर पहिल्या फेरीत दूध वर जात असते आणि शेवटच्या फेरीत खाली येत असते. अशा वळणावर गायी एकसारख्या वागत नाहीत. म्हणून व्याल्यापासून ६० ते १०० दिवस झालेल्या, दुसऱ्या ते चौथ्या वेतातल्या गायी निवडाव्यात. पहिलारू गाय स्वतःच वाढत असते, तिला शक्यतो वगळावे.

गायी किती वाचतात

समजा, गायी-गायींमधले प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) २ किलो आहे आणि एकाच गायीच्या दोन फेऱ्यांमधले ०.८ किलो. प्रचरणे (विचलनांचे वर्ग) झाली ४ आणि ०.६४. दोन पेंडींची तुलना गट पाडून केली तर दोन्ही प्रचरणे, म्हणजे ४.६४, आडवी येतात. गायीची तुलना तिच्याशीच केली तर फक्त ०.६४ उरते. शिवाय प्रत्येक गाय दोन्ही पेंडींना कामी येते. त्यामुळे लागणाऱ्या गायींचे गुणोत्तर ०.६४ भागिले (२ × ४.६४), म्हणजे सुमारे ०.०६९. क्रॉसओव्हरमधल्या ८ गायी गटांच्या प्रयोगातल्या ११६ गायींइतके काम करतात.

०.८ हा आकडा मात्र आमच्या उदाहरणातला आहे. तुमच्या गोठ्याचा आकडा तुमच्या दुधाच्या वहीतून काढा. एकाच खाद्यावर असलेल्या दहा-बारा गायी घ्या. प्रत्येकीच्या एका आठवड्याच्या रोजच्या सरासरी दुधातून तीन आठवड्यांनंतरच्या आठवड्याची सरासरी वजा करा. मिळालेल्या फरकांचे प्रमाण विचलन काढा आणि त्याला १.४१ ने भागा. सगळ्यांचे दूध सारखेच उतरले असेल तर ते उतरणे फरकांच्या सरासरीत जाते, विचलनात येत नाही; म्हणून हा हिशेब चालतो. हा आकडा हाती नसताना गायींची संख्या ठरवणे म्हणजे अंदाजपंचे काम.

क्रम: सगळे इथेच ठरते

पेंडींना क, ख, ग, घ म्हणू. सर्व गायींना क, मग ख, मग ग, मग घ अशाच क्रमाने दिले तर घ हरणारच, कारण शेवटच्या फेरीपर्यंत दूध उतरलेले असते. शेवटची फेरी मार्च-एप्रिलच्या उन्हात आली तर आणखीच. म्हणून प्रत्येक फेरीत चारही पेंडी सारख्या वेळा आणि प्रत्येक गायीला प्रत्येक पेंड एकदा, अशी रचना करतात. हा लॅटिन चौरस. सर्वांना सुचणारा चौरस असा असतो:

गाय १: क ख ग घ
गाय २: ख ग घ क
गाय ३: ग घ क ख
गाय ४: घ क ख ग

दिसायला नीटनेटका आहे, पण वापरू नका. ख च्या आधी काय आले ते पाहा. पहिल्या गायीत क, तिसरीत क, चौथीत क. दुसऱ्या गायीत ख पहिल्याच फेरीत आहे, तिच्या आधी काहीच नाही. म्हणजे ख ला नेहमी क चीच शिल्लक वाट्याला येते. सरकीच्या पेंडीतल्या तेलाचा परिणाम पुढच्या फेरीत थोडा जरी उतरला, तरी त्याचे श्रेय किंवा दोष सोयाबीनच्या खात्यावर जमा होतो.

१९४९ मध्ये विल्यम्स यांनी यावरचा उपाय दिला. पहिली ओळ आलटून-पालटून लिहायची: पहिली पेंड, दुसरी, मग शेवटची, मग तिसरी. पुढच्या प्रत्येक ओळीत प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवायचे आणि घ नंतर पुन्हा क घ्यायचा.

गाय १: क ख घ ग
गाय २: ख ग क घ
गाय ३: ग घ ख क
गाय ४: घ क ग ख

आता जोड्या मोजा: कख, खघ, घग, खग, गक, कघ, गघ, घख, खक, घक, कग, गख. चार पेंडींच्या बारा क्रमवार जोड्या होतात आणि बाराही बरोबर एकेकदा आल्या आहेत. प्रत्येक पेंडीच्या आधी उरलेल्या तिन्ही पेंडी एकेकदा आल्या, त्यामुळे शिल्लक परिणाम सर्वांना सारखा वाटला जातो आणि हिशेबात वेगळाही काढता येतो. ही मोजणी कागदावर हाताने करा. दोन मिनिटांचे काम आहे आणि चौरस लिहिताना झालेली एका अक्षराची चूकही त्यात पकडली जाते.

पेंडींची संख्या सम असेल तर एक चौरस पुरतो. विषम असेल तर दोन लागतात. तीन पेंडींना सहा क्रम (तिघींच्या सगळ्या शक्य मांडण्या), पाच पेंडींना दहा. पाचाची पहिली ओळ क ख ङ ग घ. दुसऱ्या चौरसाची पहिली ओळ हीच, पण उलटी: घ ग ङ ख क. मग दोन्ही एकेक घर सरकवत जायचे.

शिल्लक परिणाम वेगळा काढण्याची किंमत मोजावी लागते आणि ती आधीच कळते. पेंडींची संख्या आणि त्याहून एक कमी यांचा गुणाकार करा: ४ × ३ = १२. त्यातून २ वजा केले की १०, १ वजा केला की ११. कार्यक्षमता, म्हणजे शिल्लक परिणाम वेगळा काढूनही टिकणारा माहितीचा वाटा, १०/११, सुमारे ९१ टक्के. तीन पेंडींना ४/५, म्हणजे ८० टक्के. पाचांना १८/१९, सुमारे ९५ टक्के. दोनच पेंडी असतील तर? २ × १ = २; २ वजा २ म्हणजे शून्य. दोन पेंडी आणि दोन फेऱ्या या सर्वांत लोकप्रिय आखणीत गायींच्या आतल्या तुलनेतून थेट परिणाम आणि शिल्लक परिणाम वेगळे करताच येत नाहीत.

दोनच पेंडी असतील तर

वरच्या शून्यामुळे दोन पेंडींची आखणी सोपी समजू नये. शिल्लक परिणाम नाहीच अशी खात्री असेल तर अर्ध्या गायींना क-ख आणि अर्ध्यांना ख-क चालते. औषधांच्या चाचण्यांत ही खात्री मधल्या मोकळ्या काळाने मिळवतात. औषधाचे पाच अर्धायुकाल (एक अर्धायुकाल म्हणजे औषध निम्मे होण्याचा काळ) गेले की शरीरात बत्तिसावा भाग, सुमारे ३ टक्के, उरतो. गायीला मात्र उपाशी ठेवून ‘मोकळा काळ’ देता येत नाही. ती काहीतरी खाणारच.

म्हणून तिसरी फेरी घ्या. इथेही क्रमच निर्णायक ठरतो. बहुतेक जण क-ख-क आणि ख-क-ख असे लावतात, कारण ‘परत पहिल्यावर आणून पाहू’ हे मनाला पटते. शिल्लक परिणाम लक्षात घेऊन हिशेब केला तर दोन पेंडींच्या फरकाचे प्रचरण या आखणीत, क-ख-ख आणि ख-क-क या आखणीच्या चौपट येते. गायी तेवढ्याच, दिवस तेवढेच, चारा तेवढाच. फक्त शेवटचे अक्षर बदलले. याचे कारण असे: क-ख-क मध्ये पेंड प्रत्येक फेरीला बदलते, त्यामुळे ‘ख चालू आहे’ आणि ‘आधी क होता’ या गोष्टी कायम जोडीने येतात. शेवटची पेंड दोनदा दिली की ही जोडी तुटते आणि दोन्ही अंदाज एकमेकांपासून पूर्ण सुटे होतात. दोन उपचारांच्या प्रयोगात तीन फेऱ्या परवडत असतील तर क-ख-ख / ख-क-क सोडून दुसरे काही लावण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

हीच युक्ती मोठ्या चौरसातही चालते: शेवटच्या फेरीतली पेंड आणखी एक फेरी चालू ठेवायची (क ख घ ग ग). मात्र चार पेंडींना नुकसान मुळातच ९ टक्के आहे. त्यासाठी २१ दिवस वाढवून प्रयोग १०५ दिवसांवर नेणे, तोही उतरत्या दुधात, फायद्याचे नाही. तीन पेंडींत २० टक्के जातात आणि चौथी फेरी धरूनही ८४ दिवसांत भागते. तिथे जरूर करा.

फेरी किती दिवसांची

कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून २१ दिवसांची फेरी: पहिले १४ दिवस जुळवणीचे, शेवटचे ७ मोजणीचे. पेंड एका दिवसात बदलू नका. पहिल्या चार दिवसांत नवी पेंड पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशी वाढवा. एकदम बदलली तर गाय खाणे कमी करते, कधी पोट बिघडते आणि मग त्या फेरीतले दूध पेंडीविषयी काही सांगत नाही. जुळवणीचे दिवस कापून प्रयोग लवकर उरकण्याचा मोह होतो. तसे केले तर शिल्लक परिणाम वाढतो आणि चौरसाकडून त्याच्या ताकदीबाहेरचे काम मागितले जाते. चौरस फक्त एका फेरीमागची शिल्लक सांभाळतो.

किती गायी घ्याव्यात

विल्यम्स चौरसाला गायी चाराच्या पटीत लागतात. फेरीचे विचलन ०.८ किलो, कार्यक्षमता १०/११, पाच टक्क्यांची पातळी (नसलेला फरक ‘आहे’ म्हणण्याची चूक शंभरात पाचच वेळा) आणि ८० टक्के शक्यतेने सापडावा असा फरक धरून हिशेब असा येतो. ४ गायींत २.५ किलोपेक्षा लहान फरक हाती लागत नाही. त्रुटीसाठी, म्हणजे कारण न कळलेल्या चढउताराच्या अंदाजासाठी, स्वातंत्र्याच्या कोटी (स्वतंत्र माहितीचे तुकडे) तीनच उरतात आणि टी चे मूल्य (फरक खरा मानण्याचा उंबरठा) ३.१८ पर्यंत चढते. ८ गायींत १.२६ किलो. १२ गायींत १ किलो. १६ गायींत ०.८५.

चारावरून आठावर जाताना फरक निम्मा होतो, बारावरून सोळावर जाताना जेमतेम सुधारतो. १ किलोचा फरक शोधायचा असेल तर १२ गायी. एका चौरसावर, म्हणजे चारच गायींवर, निष्कर्ष काढू नयेत.

१२ गायींच्या कोटींचा ताळा असा: ४८ नोंदी, एकूण कोटी ४७. गायींना ११, फेऱ्यांना ३, पेंडींना ३, शिल्लक परिणामाला ३. त्रुटीला २७. तिन्ही चौरस एकाच दिवशी सुरू केले तरच हे गणित. वेगवेगळ्या तारखांना सुरू केले तर प्रत्येक चौरसाच्या फेऱ्या वेगळ्या धराव्या लागतात, फेऱ्यांना ३ ऐवजी ९ जातात आणि त्रुटीला २१ उरतात.

चिठ्ठ्या कुठे टाकायच्या, कुठे नाही

आधी गायी दूध आणि व्याल्याचे दिवस यांवरून लावून घ्या. सारख्या चार-चार गायींचा एकेक चौरस करा. उतरत्या दुधाचा वेग एका चौरसातल्या गायींत सारखा असेल तर त्रुटी कमी राहते. मग प्रत्येक चौरसात चिठ्ठ्या दोनदा टाका: कोणते अक्षर कोणत्या पेंडीचे आणि कोणती गाय कोणत्या ओळीत.

स्तंभांची, म्हणजे फेऱ्यांची, अदलाबदल मात्र करू नका. साध्या लॅटिन चौरसात ओळी आणि स्तंभ दोन्ही पिसतात आणि त्याच सवयीने विल्यम्स चौरसाचेही स्तंभ पिसले जातात. तसे झाले की जोड्यांचा समतोल गेला. सॉफ्टवेअरकडून चौरस बनवून घेतला असेल तर तो छापून जोड्या पुन्हा मोजा.

गोठ्यात

दूध मापाने नाही, काट्यावर मोजा. नुकत्याच काढलेल्या धारेवर फेस असतो; मापात फेस मोजला जातो, वजनात नाही. रिकाम्या बादलीचे वजन रोज सकाळी एकदा तपासा. फॅटसाठी मोजणीच्या आठवड्यात किमान दोन दिवस नमुने घ्या आणि सकाळ-संध्याकाळचे नमुने दुधाच्या प्रमाणात मिसळा. सकाळ-संध्याकाळचे फॅट वेगळे असते, त्यामुळे एकाच वेळचा नमुना फसवतो.

पेंड बदलली की फॅट बदलते, म्हणून नुसते दूध तोलून भागत नाही. ४ टक्के फॅटचे दूध धरून तुलना करा: दुधाच्या किलोला ०.४ ने गुणायचे, फॅटच्या किलोला १५ ने, आणि बेरीज करायची. १० किलो दूध ३.५ टक्के फॅटचे असेल तर ४ + १५ × ०.३५ = ९.२५ किलो. म्हशीचे ८ किलो दूध ७ टक्क्यांचे असेल तर ३.२ + १५ × ०.५६ = ११.६ किलो.

रोज सकाळी गव्हाणीत उरलेला चारा आणि पेंड तोला. एखादी पेंड गायीने टाकली असेल तर ‘पेंडीवर दूध कमी’ आणि ‘पेंड खाल्लीच नाही’ यांतला फरक तिथेच दिसतो. शेजारच्या गव्हाणीत तोंड घालता येणार नाही अशी आडकाठी लावा. गाय माजावर आली, ताप आला, लस दिली, तर तारखेसह नोंद करा.

विश्लेषण

प्रत्येक गायीच्या प्रत्येक फेरीची एकच ओळ करा: सात दिवसांची सरासरी. १२ गायी, ४ फेऱ्या, ७ दिवस म्हणजे ३३६ आकडे, पण पेंडी दिल्या गेल्या ४८ वेळा. ३३६ ओळी स्वतंत्र समजून चालवल्या तर त्रुटी खोटी लहान दिसते आणि नसलेले फरक ‘ठळक’ (केवळ योगायोगाचे नसलेले) ठरतात. या पद्धतीतली ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

ओळीत रकाने असावेत: चौरस, गाय, फेरी, पेंड, आधीची पेंड, दूध. आर (R) किंवा तत्सम संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये फेरी, पेंड आणि आधीची पेंड हे स्थिर घटक आणि गाय हा यादृच्छिक घटक ठेवा. पहिल्या फेरीत आधीची पेंड नसते, तिथे ‘नाही’ असे लिहा. रकाना रिकामा ठेवला तर सॉफ्टवेअर पहिल्या फेरीच्या बाराही ओळी गुपचूप गाळते. ‘नाही’ आणि पहिली फेरी एकच असल्यामुळे एक गुणांक निघत नाही अशी सूचना येईल. पेंडींच्या फरकांवर तिचा परिणाम होत नाही.

शिल्लक परिणाम प्रतिमानात (विश्लेषणाच्या समीकरणात) ठेवायचा की नाही, हे प्रयोगाआधी लिहून ठेवा. आधी त्याची चाचणी घ्यायची, तो ‘ठळक’ आला तरच ठेवायचा, नाहीतर काढायचा, ही दोन पायऱ्यांची रीत ग्रिझल यांच्या १९६५ च्या लेखानंतर खूप चालली. क-ख / ख-क आखणीसाठी फ्रीमन यांनी १९८९ मध्ये दाखवले की या रीतीत पाच टक्क्यांची म्हणवली जाणारी चूक प्रत्यक्षात पाच टक्क्यांहून बरीच जास्त होते. चार पेंडींच्या विल्यम्स चौरसात तो ठेवण्याची किंमत ९ टक्के आहे. ती मोजा आणि ठेवाच.

एखाद्या गायीला मधल्या फेरीत दगडी (कासदाह) झाली, तर त्या फेरीचे दूध गाळा. पण पुढच्या फेरीसमोर ‘आधीची पेंड’ म्हणून ती खरोखर जी खात होती तीच लिहा. बाकीच्या फेऱ्या प्रतिमानात राहू द्या. समतोल थोडा ढळेल, अंदाज तरीही निघतील. तिच्या जागी दुसरी गाय तिसऱ्या फेरीपासून आणू नका: नव्या गायीला आधीची पेंड नसते आणि दोनच फेऱ्यांसाठी तिला स्वतंत्र गाय म्हणून एक कोटी द्यावी लागते. बदली गाय घ्यायचीच असेल तर पहिल्या फेरीच्या जुळवणीच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच घ्या. त्यासाठी सुरुवातीला त्याच दुधाच्या आणि त्याच वेताच्या दोन गायी जास्तीच्या निवडून बांधून ठेवा.